तपासणीच्या खोलीत आईवडिलांची जागा

इंग्लंडच्या ईशान्येकडचे मिडल्सब्रो हे पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांचे शहर. १९८७ साली फेब्रुवारी ते जुलै या काळात तिथल्या एका रुग्णालयातील दोन बालरोगतज्ज्ञांनी १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान केले. यांतली काही मुले वेगळ्याच तक्रारी घेऊन रुग्णालयात आली होती. निदानाचा मोठा भार गुदद्वाराच्या स्नायूंच्या एका प्रतिक्षिप्त हालचालीवर होता, आणि त्या खुणेला किती महत्त्व द्यावे याबद्दल त्या वेळी वैद्यकातच एकमत नव्हते. निदान झाले की मुलाला घरापासून दूर ठेवण्याचा आदेश मिळवला जाई, आणि असा आदेश २८ दिवसांपर्यंत लागू राहू शकत असे. वॉर्ड मुलांनी भरून गेले, आईवडिलांच्या भेटींवर निर्बंध आले, आणि आपल्या मुलाला नेमके काय झाले आहे असे विचारणाऱ्यांना नीट उत्तर मिळेना. परगण्याच्या नावावरून हे सारे क्लीव्हलँड प्रकरण म्हणून ओळखले जाते.

चौकशीचे काम न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १९८८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणत्या मुलावर खरोखर अत्याचार झाला होता आणि कोणावर नव्हता, याचा निवाडा करणे हे त्या चौकशीचे कामच नव्हते. तिने पाहिली ती पद्धत. न्यायालयांनी यथावकाश बहुतांश मुलांना घरी पाठवले, आणि वृत्तपत्रांच्या एका मोठ्या वर्गाने त्याचा अर्थ असा लावला की सगळाच बनाव होता. हा अर्थ चुकीचा होता. त्या १२१ मुलांमध्ये खरोखर अत्याचार सोसलेली मुलेही होती, असे मानायला जागा होती, आणि घाईच्या निदानांमुळे त्यांच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडाला. निष्पाप आईवडिलांची मुले हिरावली गेली आणि पीडित मुलांचा आधार गेला, हे दोन्ही अन्याय एकाच पद्धतीने केले.

क्लीव्हलँडकडे मी इतक्या वर्षांनी पुन्हा वळतो आहे त्याचे कारण हेच आहे. बाल अत्याचाराच्या तपासात वैद्यकीय तपासणीच्या वेळी पालकांना काय अधिकार असावेत, हा प्रश्न निघाला की चर्चा ताबडतोब दोन गटांत विभागली जाते. एका बाजूला मुलाचे संरक्षण आणि दुसऱ्या बाजूला पालकांचे हक्क, जणू तराजूचे एक पारडे खाली गेले की दुसरे वर जाणारच. मला ही मांडणीच मुळात खोटी वाटते. तपासणीच्या वेळी पालकाला सोबत राहण्याचा, माहिती मिळण्याचा, कागदाची प्रत मिळण्याचा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागण्याचा अधिकार असेल, तर त्या तपासणीचा निष्कर्ष अधिक भक्कम होतो. आणि निष्कर्ष भक्कम असेल तरच तो पुढे न्यायालयात मुलाच्या उपयोगी पडतो. पालकाचे हे अधिकार म्हणजे मुलाचेच अधिकार आहेत. जे अजून बोलू शकत नाही किंवा ज्याला प्रश्न कसा विचारावा हे कळत नाही, त्याच्या वतीने ते कोणीतरी वापरायचे असतात. ते वापरणारा माणूसच संशयित असेल तर काय करायचे, हा खरा कठीण प्रश्न आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कागदावर तरी बराच विचारी आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे ज्याला आपण सगळे पोक्सो म्हणतो, त्याचे कलम २७ वैद्यकीय तपासणीविषयी आहे. गुन्हा अद्याप नोंदला गेला नसला तरी तपासणी करता येते. मुलगी असेल तर तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची. तपासणी आईवडिलांच्या किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा अन्य व्यक्तीच्या उपस्थितीत व्हायला हवी. आणि काही कारणाने अशी व्यक्ती हजर राहू शकत नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नेमलेल्या स्त्रीच्या उपस्थितीत ती करायची. मूल कोणत्याही परिस्थितीत त्या टेबलावर एकटे असता कामा नये, हा या कलमाचा आशय आहे आणि तो माझ्या मते उत्तम आहे.

त्याला जोडून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली लैंगिक हिंसेच्या पीडितांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बारा वर्षांखालील मुलाच्या तपासणीसाठी पालकाची संमती आणि बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती, असे त्यात म्हटले आहे. तपासणीला नकार देण्याचा अधिकार आहे. नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. आणि सर्व कागदपत्रांची प्रत विनामूल्य द्यायची आहे. संमती एकगठ्ठा घ्यायची नसते. उपचाराला हो, पण पुराव्यासाठी नमुने घ्यायला नाही, असे म्हणण्याची मुभा असते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार तातडीचे उपचार देण्यापूर्वी कोणताही डॉक्टर पोलिसांचे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याचे पत्र मागू शकत नाही.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की मग तक्रार कशाची? तक्रार अशी आहे की हे अधिकार ज्यांचे आहेत त्यांना ते कोणी सांगत नाही. रात्री अकरा वाजता सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईची कल्पना करा. केसपेपरवर लाल शाईत एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, असे लिहिले जाते. त्या तीन अक्षरांचा अर्थ तिला ठाऊक नसतो. तिच्यापुढे एक इंग्रजी छापील फॉर्म येतो आणि त्यावर सही करायला सांगितले जाते. ती सही कशाची, उपचाराची, अंतर्गत तपासणीची, नमुने घेण्याची की पोलिसांना कळवण्याची, हे विचारण्याइतके त्राण तिच्यात उरलेले नसते. अशा सहीला आपण संमती म्हणतो. कायद्याच्या भाषेत ती संमती असेलही. पण ज्या आईला आपण कशाला हो म्हटले हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही, तिने संमती दिली असे म्हणायला माझे मन धजत नाही.

इथे डॉक्टरच्या भूमिकेतला एक पेच समजून घ्यायला हवा. एरवी डॉक्टर आणि आईवडील एका बाजूला असतात आणि रोग दुसऱ्या बाजूला. अत्याचाराचा संशय आला की डॉक्टरच्या अंगावर दुसरी जबाबदारी येते. पोक्सोच्या कलम १९ नुसार त्याला पोलिसांना कळवावेच लागते आणि न कळवल्यास कलम २१ नुसार तो स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. म्हणजे ज्या क्षणी त्याच्या मनात संशय येतो त्या क्षणापासून तो उपचार करणाराही असतो आणि पुरावा गोळा करणाराही. आईवडिलांना मात्र तो पूर्वीचाच डॉक्टर दिसत असतो. ते त्याला सगळे सांगतात: पडले कसे, त्या वेळी घरात कोण होते, आदल्या रात्री भांडण झाले होते का, आपण कधी हात उगारला होता का. वकिलाशी केलेले बोलणे आपल्या पुरावा कायद्यात गोपनीय मानले जाते; डॉक्टरशी केलेल्या बोलण्याला न्यायालयात तसे संरक्षण नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, पण हाच नियम डॉक्टरशी झालेल्या साध्या संभाषणाला लागू होत नाही. आपण जे बोलतो आहोत ते पुढे साक्षीत येऊ शकते, हे त्या आईबापांना कोणीतरी सांगायला नको का?

यावर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. असे बजावून सांगितले तर दोषी पालक सावध होईल, खोटी हकीकत रचेल आणि मुलाचा जीव धोक्यात येईल. मी हा आक्षेप हलका मानत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. कुटुंबात शारीरिक मार सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. घर ही मुलासाठी आपोआप सुरक्षित जागा असते, हा आपला लाडका समज आहे, आणि त्या पाहणीने तो पुरता मोडला. तेव्हा ‘आईबापच ते, त्यांच्यावर काय संशय घ्यायचा’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी मुळीच नाही.

तरीही सांगणे आणि सावध करणे यांत फरक आहे. डॉक्टरने आपल्या मनातला संशय, एक्स-रेत काय दिसले किंवा मूल एकांतात काय बोलले, हे तात्काळ उघड करावे असे कोणी म्हणत नाही. म्हणणे एवढेच आहे की ही तपासणी आता कायदेशीर नोंदीसाठीही आहे, एवढे वाक्य स्पष्ट शब्दांत सांगावे. खोटी हकीकत रचणारा माणूस ते न सांगताही रचतोच. उलट अनुभवी न्यायवैद्यकतज्ज्ञांचे काम सोपे होते ते एकच हकीकत वेगवेगळ्या वेळी, स्वच्छ नोंदवलेली असली म्हणजे. जी माहिती कपटाने काढून घेतली आहे तिच्यावर उलटतपासणीत पहिला घाव बसतो, आणि त्या घावाखाली मुलाची बाजूही जाते.

संशयित पालकाला तपासणीच्या खोलीत घ्यावे का, याचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे: घेऊ नये. मूल ज्याला घाबरते तो माणूस त्याच्या उशाशी उभा राहिला तर ते काही सांगणार नाही आणि तपासणीही नीट होणार नाही. पण यातून निघायला हवा तो निष्कर्ष असा की त्या पालकाच्या जागी मुलाच्या विश्वासातले दुसरे माणूस तातडीने आणावे. आजी, मावशी, आत्या, अंगणवाडीच्या ताई, शाळेतल्या बाई, कोणीही. कायद्यातले ‘मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती’ हे शब्द याचसाठी आहेत. प्रत्यक्षात या शब्दांकडे दुर्लक्ष करून थेट रुग्णालयाने नेमलेल्या स्त्रीची पळवाट घेतली जाण्याचा धोका असतो. ड्युटीवरची जी परिचारिका समोर असेल तिचे नाव फॉर्मवर लिहिले की कायद्याची पूर्तता होते, आणि मुलाच्या दृष्टीने ती परिचारिका म्हणजे आणखी एक अनोळखी माणूस असते. दुसरे असे की एका पालकावर संशय आहे म्हणून दुसऱ्यालाही बाहेर ठेवण्याची सवय यंत्रणेला लागू शकते. वडिलांवर आरोप असेल तर आईला आत राहण्याचा अधिकार आहे. तो नाकारायचा असेल तर कारण लिहून द्यावे.

महाराष्ट्रात २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला जे घडले त्यातून या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींच्या बाबतीत आधी संशय आला तो घरच्यांनाच. मुलीला डॉक्टरांकडे नेले ते घरच्यांनीच. आणि तक्रार नोंदवून घ्यावी यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावे लागले तेही घरच्यांनाच. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन या दिरंगाईबद्दल कानउघाडणी केली. तिथे आईवडील संशयित नव्हते, साक्षीदार होते, मुलींच्या बाजूने उभे राहिलेली पहिली माणसे होती. तरीही त्यांना कोणी ‘तुमच्या मुलीच्या तपासणीत तुमचा हा हा अधिकार आहे’ असे सांगणारी व्यवस्था आपल्याकडे सहज उपलब्ध नाही. यंत्रणेच्या लेखी पालक एकतर फिर्यादी असतो किंवा आरोपी. मुलाचा सोबती अशी तिसरी जागा तिने त्याच्यासाठी राखलेलीच नाही.

तपासणीनंतर अहवालाचा अर्थ समजावून सांगणे ही तर आणखी दुर्लक्षित गोष्ट आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शरीरावर तपासणीत कोणतीही खूण सापडत नाही. अत्याचाराचे स्वरूप तसे असते, मुलांच्या जखमा लवकर भरतात, आणि तपासणीला बहुधा काही दिवस उलटून गेलेले असतात. वैद्यकातली ही पक्की माहिती आहे. पण ‘जखम नाही’ असे कागदावर वाचल्यावर आईवडील काय समजतात? काही जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मुलीलाच म्हणतात, बघ, डॉक्टर म्हणाले काही झालेले नाही. त्या क्षणी मुलीचा शेवटचा आधारही तुटतो. उलटही होते: एखादा साधा जंतुसंसर्ग किंवा जन्मजात ठेवण वाचून घरात आकांत माजतो. अहवालाची प्रत देणे पुरेसे नाही. त्यात जे लिहिले आहे ते काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करत नाही, हे मराठीत, बसवून, वेळ देऊन सांगणे हा पालकाचा हक्क मानला पाहिजे. मुंबईत महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. घरच्या हिंसेने पोळलेल्या स्त्रियांसाठी रुग्णालयाच्या आतच समुपदेशक बसवण्याची ती कल्पना होती. रुग्णालय म्हणजे केवळ जखमा मोजण्याची जागा नव्हे, हे तिथे करून दाखवले गेले. मुलांच्या प्रकरणांत असे माणूस जिल्हा रुग्णालयापर्यंत का पोहोचू नये, याला पैशांखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही, आणि पैशांचे कारणही फार मोठे नसावे.

आतापर्यंत मी मुख्यतः लैंगिक अत्याचाराबद्दल बोललो. शारीरिक इजेच्या प्रकरणांत तर पालकांच्या अधिकारांचा प्रश्न अधिक धारदार होतो, कारण तिथे अनेकदा मूल तान्हे असते, साक्षीदार नसतो, आणि सगळे प्रकरण वैद्यकीय मतावरच उभे असते. अमेरिकेत १९६२ साली हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार सोसलेल्या मुलांच्या लक्षणांवर निबंध लिहिला आणि डॉक्टरांचे डोळे उघडले. वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडे एक्स-रेवर दिसत असूनही आईबापांनी मारले असेल हे मानायला तोपर्यंत वैद्यक तयार नव्हते. त्या निबंधाने किती मुलांचे प्राण वाचवले असतील याची गणती नाही. पण त्याच वाटेने पुढे काही निदानांना नको इतका आत्मविश्वासही आला. बाळाला जोरजोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो, ही कल्पना ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ साली मांडली. उतारवयात, आपल्या कल्पनेच्या आधारे माणसांना तुरुंगात पाठवले जात असल्याचे पाहून, त्यांनीच सावधगिरीचा इशारा दिला. स्वीडनमध्ये वैद्यकीय पद्धतींचे मूल्यमापन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ साली म्हटले की केवळ ठरावीक तीन लक्षणांवरून (मेंदूभोवतीचा रक्तस्राव, डोळ्याच्या पडद्यातला रक्तस्राव आणि मेंदूची सूज) असे निदान करण्यास शास्त्रीय आधार मर्यादित आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हे निदान खरे आणि आवश्यक असल्याचे आजही ठामपणे सांगते. बाळांना अशा इजा होतात, त्या माणसांच्या हातून होतात आणि त्यांनी बाळे मरतात, यात शंका नाही. वाद आहे तो एखाद्या विशिष्ट बाळाच्या बाबतीत ते किती खात्रीने म्हणता येते याचा.

म्हणूनच दुसऱ्या मताचा अधिकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने २०२१ साली कायदा करून, ज्या डॉक्टरने अत्याचाराचा संशय कळवला त्याच्याखेरीज अन्य तज्ज्ञाचे मत घेण्याची सोय केली, आणि त्यात मुडदूस, ड जीवनसत्त्वाची कमतरता, हाडे काचेसारखी ठिसूळ करणारा आनुवंशिक विकार अशा आजारांचा नाव घेऊन उल्लेख केला. २०२३ साली त्याच राज्याने तपास सुरू होतानाच पालकांना त्यांचे अधिकार तोंडी आणि लेखी सांगणे बंधनकारक केले. टेक्ससच्या राजकारणातले सगळेच मला पटते असे नाही, पण या दोन गोष्टी कोणत्याही पक्षाच्या चष्म्याशिवाय योग्य दिसतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत दुसऱ्या मताची गरज अधिकच आहे, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे. आपल्या बाळांच्या पाठीच्या खालच्या भागावर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. न्हाऊ घालणाऱ्या बाईला ते ठाऊक असतात आणि काही वर्षांत ते विरून जातात. गोऱ्या बाळांमध्ये ते क्वचित दिसतात. त्यामुळे ज्या देशात भारतीय बाळे डॉक्टरच्या नजरेला सवयीची नाहीत तिथे हे डाग मारल्याच्या वळांसारखे वाटू शकतात, आणि म्हणून जन्माच्या वेळीच त्यांची नोंद करून ठेवावी असे तिकडची वैद्यकीय पुस्तकेही सांगतात. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मराठी जोडप्याने आपल्या बाळाच्या नोंदीत ते डाग लिहून घ्यावेत, असे मी आवर्जून सांगेन. बर्लिनमध्ये एका भारतीय दांपत्याची तान्ही मुलगी २०२१ साली रुग्णालयातल्या तपासणीनंतर सरकारी ताब्यात गेली. पुढे फौजदारी तपास बंद झाला, तरी २०२३ साली तिथल्या न्यायालयाने मुलीचा ताबा आईवडिलांना नाकारला. त्या घरात काय घडले याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण फौजदारी तपास मिटला म्हणजे मूल परत येते असे नाही, दोन न्यायालयांच्या कसोट्या वेगळ्या असतात, आणि पहिल्या वैद्यकीय नोंदीतले शब्द दोन्हीकडे पिच्छा पुरवतात, एवढे त्यावरून समजून घ्यावे.

आणि आपल्या घरातले उदाहरण पाहायचे तर मेळघाटकडे पाहावे. तिथल्या कोरकू वस्त्यांमध्ये आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डागण्या देण्याची, ‘डंबा’ म्हणून ओळखली जाणारी प्रथा अजून पुरती गेलेली नाही. या डागण्यांनी बाळ वाचत नाही, त्याला भयंकर यातना होतात, आणि हे थांबलेच पाहिजे. अशा प्रकरणांत गुन्हे दाखल होतात आणि ते व्हावेत की नाही हा वेगळा विषय आहे. मला चिंता आहे ती त्या आईची, जिच्या बाळाचे पोट फुगले आहे, अंगावर डागाच्या खुणा आहेत, आणि आरोग्य केंद्रात गेले तर आपल्याला पोलीस नेतील हे जिला कानोकानी कळले आहे. ती येणार नाही. तिच्या न येण्याची किंमत बाळ मोजेल. डॉक्टरला त्या पोटावरच्या खुणा वाचता येतात, पण त्या कोणी, कशासाठी, कोणत्या आजाराच्या भीतीने दिल्या हे सांगणारी तीच एक असते. आणि तिच्याशी कोरकूत बोलणारे, ‘आधी बाळावर उपचार, बाकीचे नंतर’ असे सांगणारे कोणी तिथे असेल तर ती सांगेलही.

मुलाला घरातून हलवण्याच्या प्रसंगी आपल्या नियमांनी मुदती घातल्या आहेत. अत्याचार एकाच घरात राहणाऱ्याने केल्याचा संशय असेल तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे प्रकरण न्यायचे, समितीने तीन दिवसांत मुलाला घरच्यांच्या ताब्यातून काढायचे की नाही हे ठरवायचे, मुलाची इच्छा विचारात घ्यायची. मुदती चांगल्या आहेत. मात्र ज्या वैद्यकीय अहवालावर समिती हा निर्णय घेते तो अहवाल पालकाला त्या तीन दिवसांत मिळाला नाही, तर तो समितीपुढे बोलणार तरी कशाच्या आधारावर? बटलर-स्लॉस अहवालाने जी बाब पालकांविषयी सांगितली ती इतकी साधी आहे की वाचताना नवल वाटते: दुसऱ्या कोणत्याही रुग्णाच्या कुटुंबाशी जितक्या सौजन्याने वागाल तितक्याच सौजन्याने यांच्याशी वागा, प्रत्येक टप्प्यावर त्यांना कळवा, महत्त्वाचे निर्णय लेखी द्या, आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची ते सांगा. त्याच अहवालाने मुलांविषयी म्हटले की केवळ पुराव्यासाठी त्यांची पुनःपुन्हा तपासणी करू नये, आणि मूल ही व्यक्ती आहे, चिंतेचा विषय झालेली वस्तू नव्हे. पुढच्याच वर्षी ब्रिटनने मुलांविषयीचा नवा कायदा केला. त्यात घरापासून तोडण्याच्या तातडीच्या आदेशाची २८ दिवसांची मुदत आठ दिवसांवर आली, आणि पुरेशी समज असलेल्या मुलाला तपासणीला नकार देण्याचा अधिकार मिळाला.

दुसऱ्या मताचा अधिकार आणि पुनःपुन्हा तपासणी नको हे तत्त्व यांत विरोध आहे असे कोणी म्हणेल. तो विरोध सुटण्यासारखा आहे. दुसऱ्या तज्ज्ञाने मुलाला पुन्हा टेबलावर घेण्याची गरज बहुतेक वेळा नसते. पहिली तपासणी नीट नोंदवलेली, छायाचित्रांसह, एक्स-रेंसह जपलेली असेल तर त्याने ती सामग्री पाहून मत द्यावे. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये बहुतेक विभागांत आहेत. त्यांतले बालरोग, न्यायवैद्यक, क्ष-किरण आणि अस्थिरोग या विभागांचे प्रत्येकी एक तज्ज्ञ घेऊन एक मंडळ बनवले आणि जिल्ह्यातून आलेल्या वादग्रस्त प्रकरणांची कागदपत्रे त्याच्याकडे पाठवली, तर पैसेवाल्या पालकाला खासगी तज्ज्ञ आणि गरिबाला काहीच नाही, ही विषमताही टळेल. हा शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण वकील आणि तज्ज्ञ विकत घेऊ शकणाऱ्या घरातल्या पालकांना अधिकार कोणी दिले नाहीत तरी ते मिळवतात. कायद्याने दिलेल्या अधिकाराची खरी गरज असते ती बांधकामाच्या ठिकाणी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या आईला, जिचे मूल मुकादमाच्या जिन्यावरून पडले आहे आणि जिच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही.

मंडळ बनायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र उद्या सकाळी करता येईल. प्रत्येक सरकारी आणि मोठ्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, केसपेपरच्या खिडकीपाशी, मराठीत छापलेला एक पानाचा कागद ठेवावा. तुमच्या मुलाची तपासणी उपचारासाठी आणि कायदेशीर नोंदीसाठी अशी दुहेरी होणार आहे. मुलाजवळ तुम्ही किंवा त्याच्या विश्वासातले माणूस असेल. कशाला संमती देत आहात ते प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे विचारले जाईल. नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत. सर्व कागदांची प्रत फुकट मिळेल. अहवालाचा अर्थ समजावून देणारे माणूस मागू शकता. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, आणि मुलासाठी मदत हवी असेल तर १०९८ वर फोन करा. मेळघाटात हा कागद कोरकूतही हवा, आणि जिला वाचता येत नाही तिला तो वाचून दाखवणारे माणूस रात्रपाळीलाही हवे.